कठीण कार्बन लेप आणि निसर्गस्नेही वंगणे: कोणती जोडी जमते, कोणती फसते

कठीण कार्बनचा लेप, म्हणजे कारखान्यात ज्याला सरसकट ‘डीएलसी’ (डायमंड-लाइक कार्बन, हिऱ्यासारखा कार्बन) म्हणतात तो, विकत घेताना बहुतेकजण कठीणपणाचा आकडा बघतात आणि तेल मात्र आधीचेच ठेवतात. लेपावर केलेला निम्मा खर्च तिथेच वाया जातो. हा लेप आणि त्यावरचे वंगण ही एकच खरेदी आहे. लेपाच्या पृष्ठभागावरचे कार्बन अणू आणि तेलातले रेणू यांची रासायनिक गाठ पडली तरच घर्षण खरोखर उतरते, नाहीतर हाती फक्त एक काळा, टणक आणि महाग थर राहतो. म्हणून या परीक्षणात लेप आणि वंगण एकत्रच तपासले आहेत. वंगणेही अशीच निवडली आहेत जी मातीत किंवा पाण्यात सांडली तर सूक्ष्मजीव पचवू शकतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. हायड्रोजनरहित लेप, त्यावर ओलिक आम्लापासून बनवलेले टीएमपी (ट्रायमिथिलॉल प्रोपेन) एस्टर हे तेल, आणि त्यात एक टक्क्याच्या आसपास ग्लिसरॉल मोनोओलिएट हे घर्षण कमी करणारे पूरक, ही रोजच्या वापरासाठी सर्वांत भरवशाची जोडी. शुद्ध ग्लिसरीनचा आकडा यापेक्षाही सरस येतो, पण ते सांभाळणे कठीण. साधे वनस्पती तेल ठरावीक कामांनाच चालते. एरंडेल कागदावर जितके आकर्षक वाटते तितके यंत्रात उतरत नाही. पाणी मिसळलेली पॉलिग्लायकॉल वंगणे या लेपावर फार विचार करूनच वापरावीत.

‘डीएलसी’ एवढ्यावर बिल स्वीकारू नका

बाजारात याच एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली हायड्रोजनयुक्त, म्हणजे ए-सी-एच. हिच्यात साधारण २० ते ४० टक्के अणू हायड्रोजनचे असतात, कठीणपणा १५ ते ३० गिगापास्कल आणि जाडी बहुधा २ ते ४ मायक्रॉन. दुसरी हायड्रोजनरहित, म्हणजे टी-ए-सी. ही निर्वात कक्षात कार्बनवर विद्युत चाप पेटवून बसवतात. हिच्यातले बहुतेक बंध हिऱ्यासारखे असतात, कठीणपणा ४० गिगापास्कलच्या पुढे जातो आणि जाडी बऱ्याचदा १ मायक्रॉनच्या आसपासच ठेवतात, कारण आतला ताण फार असतो आणि थर जाड केला तर तो उचकटतो.

वंगणाच्या दृष्टीने फरक असा की ए-सी-एचच्या पृष्ठभागावरच्या मोकळ्या बंधांना हायड्रोजनने आधीच झाकलेले असते. तेलातल्या रेणूला धरायला तिथे फारसे काही उरत नाही. टी-ए-सी घासला गेला की त्याचे तुटलेले बंध उघडे पडतात आणि हायड्रॉक्सिल किंवा कार्बॉक्सिल हे ऑक्सिजनयुक्त गट, किंवा दुहेरी बंध असलेले रेणू तिथे घट्ट बसतात. निसर्गस्नेही वंगणे नेमक्या अशाच रेणूंची बनलेली असतात, म्हणून ही जोडी जमते.

इथे एक सावधगिरी. काही माहितीपत्रकांत ए-सी-एचचा घर्षणांक ०.०१ किंवा त्याहूनही कमी छापलेला असतो. तो आकडा खरा असतो, पण कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजलेला. दमट हवेत तोच लेप ०.१ ते ०.२ वर येतो. टी-ए-सीचे उलटे आहे: निर्वातात तो अडखळतो आणि ओलावा किंवा वंगण मिळाले की सुधारतो. कोणत्या वातावरणात मोजले हे सांगितल्याशिवाय घर्षणांकाला अर्थ नाही.

ऑर्डर देताना लेपवाल्याकडून हायड्रोजनचे प्रमाण, कठीणपणा, जाडी, खालच्या जोडथराचा (लेप पोलादाला चिकटवणाऱ्या पातळ थराचा) धातू, लेप बसवतानाचे कमाल तापमान आणि पॉलिशनंतरचा खडबडीतपणा लेखी घ्यावा. यांतला शेवटचा आकडा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. चापातून कार्बनचे सूक्ष्म गोळे उडून लेपात रुततात. ते काढले नाहीत तर समोरच्या पोलादी भागावर लेप कानशीसारखा चालतो. लेप साबूत राहतो, समोरचा भाग खाल्ला जातो, आणि दोष तेलाला दिला जातो. पॉलिश किंवा ब्रशिंगनंतर सरासरी खडबडीतपणा (आरए) ०.०३ मायक्रॉनच्या आत आलेला असावा.

खालच्या पोलादाचा कठीणपणा निदान ५८ एचआरसी (रॉकवेल सी मापावर) हवा. मऊ धातूवर बसवलेला कठीण लेप अंड्याच्या कवचासारखा फुटतो: दाबाखाली खालचा भाग दबतो, वरचा थर दबू शकत नाही आणि तडकतो. १०० सीआर ६ सारखे बेअरिंगचे पोलाद १५० ते १७० अंशांवर टेम्पर केलेले असते, त्यामुळे लेपाची प्रक्रिया २०० अंशांच्या वर गेली तर ते मऊ पडू शकते. टी-ए-सी थंड प्रक्रियेतच चांगला बनतो, कारण जास्त गरम झाल्यास त्याचे हिऱ्यासारखे बंध कमी होतात. म्हणून या पोलादासाठी तो सोयीचा.

माल आल्यावर रॉकवेलची खूण पाडून बघणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि खुणेची कड सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठी करून पाहायची. कडेला बारीक तडे चालतात, लेपाचे पापुद्रे मोठ्या प्रमाणात सुटलेले चालत नाहीत. प्रचलित श्रेणीत एचएफ १ ते ४ स्वीकारतात, ५ आणि ६ परत पाठवतात. ही चाचणी जॉबवर करायची नसते. त्याच फेरीत लेप दिलेला, त्याच पोलादाचा आणि तितक्याच कठीणपणाचा नमुना मागून घ्यावा.

रेणूला दोन हात लागतात

वंगण निवडण्याची खरी किल्ली या भागात आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ओलिक आम्ल आणि स्टिअरिक आम्ल या दोन्हींत १८ कार्बनची साखळी असते आणि एका टोकाला कार्बॉक्सिल गट. फरक एवढाच की ओलिकच्या साखळीत मधोमध, नवव्या कार्बनपाशी, एक दुहेरी बंध असतो. पोलादावर दोन्ही चांगली चालतात, उलट स्टिअरिक जास्त दाटीने उभे राहते. टी-ए-सीवर मात्र ओलिक घर्षण पार खाली आणते आणि स्टिअरिक मागे पडते.

कारण यांत्रिक आणि रासायनिक असे दोन्ही आहे. ओलिकचा रेणू कार्बॉक्सिलने एका पृष्ठभागाला धरतो आणि दुहेरी बंधाने समोरच्या पृष्ठभागाला. पृष्ठभाग सरकले की रेणू दोन्हीकडून ताणला जातो आणि फाटतो. फाटताना त्यातला ऑक्सिजन सुटून कार्बनच्या वरच्या थरात शिरतो. तो थर मग ग्राफीनसारख्या, थोड्या ऑक्सिडीकृत, सपाट जाळीत बदलतो. या जाळीला समोरच्या पृष्ठभागाशी बंध जोडायला काही उरत नाही, म्हणून ती घसरते. स्टिअरिकला एकच हात असल्याने ते ताणले जात नाही, फाटत नाही आणि जाळी बनत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि ड्रेस्डेन इथल्या फ्राउनहोफर संस्थांनी २०१९ साली संगणकावर अणूंच्या हालचालींचे गणित आणि प्रत्यक्ष चाचण्या यांची सांगड घालून हा क्रम मांडला. ग्लिसरीनच्या रेणूला तीन हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून तेही याच मार्गाने जाते.

यातून खरेदीसाठी थेट नियम मिळतो: रेणूला किमान दोन जागी पकड हवी आणि त्यात ऑक्सिजन हवा. पण इथेच मेख आहे. जो दुहेरी बंध पकड देतो, त्याच्या शेजारीच हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. ओलिकमध्ये एक दुहेरी बंध, तिथे हा हल्ला संथ असतो. लिनोलिकमध्ये दोन असतात आणि त्यांच्यामधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सहज निघतो, त्यामुळे ते साधारण दहापट वेगाने खराब होते. म्हणून पकड हवी, पण दुहेरी बंध एकच हवा. ‘हाय ओलिक’ हे शब्द डब्यावर शोधण्याचे कारण हे.

हा परिणाम जिथे दोन्ही पृष्ठभाग खरोखर एकमेकांना लागतात तिथेच दिसतो: सुरू-बंद होणारी यंत्रे, कॅम आणि टॅपेट, साखळ्या, पिना, संथ बुश. वेगाने फिरणाऱ्या आणि जाड तेलपटलावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये पृष्ठभाग भेटतच नाहीत, तिथे घर्षण तेलाच्या पातळ-जाडपणावर ठरते. तिथे या रसायनासाठी पैसे मोजू नयेत.

एक हिशेब करून बघावा. दोन्ही भागांचा खडबडीतपणा ०.०३ मायक्रॉन असेल तर एकत्रित आकडा ०.०४२ येतो. तेलपटल ०.१ मायक्रॉनचे असेल तर पटल आणि खडबडीतपणा यांचे गुणोत्तर सुमारे २.४, म्हणजे पृष्ठभाग क्वचितच लागतात. तेच दोन्ही भाग ०.३ मायक्रॉनचे असतील तर गुणोत्तर ०.२४, म्हणजे घासणे सतत चालू. नुसत्या पॉलिशने किती काम होते ते इथे कळते. तेलाचा विचार त्यानंतर.

ग्लिसरीन: आकडा अप्रतिम, सोबत अवघड

टी-ए-सीवर टी-ए-सी घासताना, ८० अंशांच्या आसपास, शुद्ध ग्लिसरीनमध्ये घर्षणांक ०.०१ च्या खाली गेलेला प्रयोगशाळांत नोंदला आहे. पोलादाची जोडी साध्या तेलात त्याच सीमावंगणाच्या (पृष्ठभाग एकमेकांना लागत असलेल्या) स्थितीत ०.१ च्या आसपास असते हे ध्यानात घेतले तर हा फरक केवढा ते कळते. ग्लिसरीन खाण्याच्या पदार्थांत चालते, त्वचेला चालते, जमिनीत लवकर विघटित होते.

आता अडचणी. २० अंशांना शुद्ध ग्लिसरीनची श्यानता (द्रवाचा जाडपणा) सुमारे १,४०० मिलिपास्कल-सेकंद असते, ८० अंशांना ती ३० च्या आसपास येते. म्हणजे थंड यंत्र सुरू करताना पंपाची परीक्षा आणि गरम झाल्यावर एकदम पातळ द्रव. त्यातच ते हवेतला ओलावा शोषते. २० टक्के पाणी शिरले की २० अंशांची श्यानता १,४०० वरून ६० च्या घरात घसरते. झाकण सैल राहिलेल्या टाकीत हे हळूहळू, न कळत घडते. म्हणून वंगण भरताना अपवर्तनांक मोजून ठेवावा आणि नंतर त्याच उपकरणावर पाण्याचे प्रमाण ताडून पाहावे. ही नोंद नसेल तर ग्लिसरीन वापरूच नये.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. दाबाखाली खनिज तेल जितके घट्ट होते तितके ग्लिसरीन होत नाही. त्यामुळे गिअरच्या दातांसारख्या उच्च दाबाच्या संपर्कात, तितक्याच श्यानतेचे खनिज तेल देईल त्यापेक्षा ग्लिसरीनचे पटल पातळ बसते. लेप नसलेले भाग त्याच टाकीत असतील तर ते आधी झिजतात.

बायोडिझेलच्या कारखान्यातून निघणारे कच्चे ग्लिसरीन स्वस्त मिळते. ते घेऊ नये. त्यात साबण, मिथेनॉल आणि क्षार असतात. क्षारांतले क्लोराइड लेपाच्या सुईएवढ्या छिद्रांतून खालच्या पोलादाला गंज चढवतात. ९९.५ टक्के शुद्धतेचेच ग्लिसरीन घ्यावे आणि त्यात गंजरोधक घातलेले असावे. अतितापाने ग्लिसरीनमधून अक्रोलीन हा डोळे झोंबवणारा, विषारी वायू सुटतो, म्हणून जिथे तापमान हाताबाहेर जाऊ शकते तिथे हे वंगण नाही. तलावात किंवा ओढ्यात मोठी गळती झाली तर विषबाधा होत नाही, पण सूक्ष्मजीव ते पचवताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि त्याचा फटका माशांना बसतो.

बंदिस्त, तापमान राखलेली, संथ गतीची आणि सगळे घासणारे भाग लेपित असलेली यंत्रणा असेल तर ग्लिसरीनला तोड नाही. बाकी ठिकाणी मोह आवरावा.

टीएमपी एस्टर आणि मोनोओलिएट: आमची पहिली पसंती

ट्रायमिथिलॉल प्रोपेन आणि ओलिक आम्ल यांपासून बनलेले हे एस्टर हायड्रॉलिक तेल म्हणून सहज मिळते. निसर्गस्नेही हायड्रॉलिक तेलांच्या आयएसओ १५३८० या मानकात याचा वर्ग एचईईएस (कृत्रिम एस्टर). ४० अंशांना श्यानता बहुधा ४६ सेंटिस्टोकच्या आसपास आणि श्यानता निर्देशांक १८० च्या पुढे, म्हणजे थंडी-गरमीत जाडपणा फारसा बदलत नाही. प्रत्येक रेणूत तीन ओलिक साखळ्या असल्याने टी-ए-सीला पकडायला जागा भरपूर. वनस्पती तेलातल्या ग्लिसरॉलच्या गाभ्यात जो कमकुवत हायड्रोजन असतो तो टीएमपीत नसतो, म्हणून ते जास्त उष्णता सोसते.

यात ग्लिसरॉल मोनोओलिएट घालायचे. रेणू एकच, त्यात ओलिक साखळीचा दुहेरी बंध आणि दोन मोकळे हायड्रॉक्सिल: पकडीसाठी याहून चांगली रचना मिळणे कठीण. निसानने २००६ साली व्हीक्यू मालिकेच्या इंजिनात हायड्रोजनरहित कार्बन लेपाचे व्हॉल्व्ह लिफ्टर आणले, आणि त्यामागच्या संशोधनात हेच मोनोओलिएट एक टक्का प्रमाणात पॉलिअल्फाओलेफिन या कृत्रिम तेलात घालून तपासले होते. घर्षणांक ०.०३ च्या आसपास उतरला होता.

एस्टरमध्ये मात्र तेवढा उतार अपेक्षू नये. पॉलिअल्फाओलेफिन हे अध्रुवीय तेल, म्हणजे त्याचे रेणू पृष्ठभागाला फारसे चिकटत नाहीत. तिथे मोनोओलिएटला पृष्ठभाग मोकळा मिळतो. एस्टर स्वतःच ध्रुवीय असल्याने जागेसाठी चढाओढ करते. म्हणून मात्रा ०.५ टक्क्यावर थांबवू नये, १ टक्का धरावी. २ टक्क्यांच्या वर गेल्यास फायदा वाढत नाही आणि थंडीत तेल गढूळ होते.

मोनोओलिएट विकत घेताना एक आकडा विचारायलाच हवा: त्यात मोनोएस्टर किती? साध्या प्रतीत ४० टक्क्यांच्या आसपास असते, बाकी डाय आणि ट्राय, म्हणजे दोन आणि तीन साखळ्यांचे. ऊर्ध्वपातित प्रतीत ९० टक्के. ४० टक्क्यांची प्रत एक टक्का घातली तर कामाचा रेणू फक्त ०.४ टक्का पडतो. ‘घातले पण काही फरक नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

मिसळण्याची रीत सोपी आहे. दहा लिटर तेलाचे वजन साधारण ९.२ किलो, त्यासाठी ९० टक्के प्रतीचे सुमारे १०० ग्रॅम मोनोओलिएट. एक लिटर तेल वेगळे काढून ६० अंशांपर्यंत गरम करावे, त्यात मोनोओलिएट घालून अर्धा तास ढवळावे, पूर्ण स्वच्छ दिसले की उरलेल्या तेलात ओतून पुन्हा ढवळावे. रात्रभर ठेवून तळाशी गढूळपणा दिसतो का ते बघावे. दिसला तर तेलात पाणी आहे किंवा खोली फार थंड आहे.

पाणी हा एस्टरचा मुख्य शत्रू. पाण्याने एस्टर तुटते आणि आम्ल सुटते. पाणी ५०० पीपीएमच्या (दशलक्षांत ५०० भागांच्या) आत ठेवावे आणि आम्लांक (तेलातल्या आम्लाचे माप) ताज्या तेलापेक्षा २ ने वाढला की तेल बदलावे. थोडे मोकळे ओलिक आम्ल टी-ए-सीला आवडते हे खरे, पण तेच आम्ल जस्त आणि शिशाला खाते. टाकीत जस्ताचा मुलामा दिलेले फिटिंग असतील तर आधी बदलावे. सील एफकेएम किंवा एचएनबीआर या रबरांचे हवे. स्वस्त नायट्राइल रबर गरम एस्टरमध्ये फुगते.

वनस्पती तेल, एरंडेल आणि पॉलिग्लायकॉल

हाय ओलिक सूर्यफूल तेलात ८० टक्क्यांहून अधिक ओलिक असते, साध्या सूर्यफुलात लिनोलिक जास्त. टी-ए-सीवर दोन्ही पहिल्या तासात सारखीच छान चालतात. फरक काही आठवड्यांनी दिसतो. साधे तेल दाट होते, मग चिकट, मग भागांवर वार्निशचा पिवळा थर. हाय ओलिक बरेच टिकते, तरी टाकीचे तापमान कायम ७० अंशांच्या वर राहणार असेल तर नको. थंडीत पोअर पॉइंटच्या (तेल वाहते राहण्याच्या किमान तापमानाच्या) आकड्यावर विसंबू नये. बरेच दिवस गारठ्यात राहिल्यास वनस्पती तेल त्या आकड्याहून वरच्या तापमानालाही गोठते. जिथे तेल एकदाच वापरून निघून जाते, उदाहरणार्थ करवतीची साखळी किंवा कन्व्हेयरची उघडी साखळी, तिथे मात्र हेच घ्यावे. तिथे तेल जुने व्हायला वेळच मिळत नाही आणि सगळे तेल शेवटी जमिनीवरच पडते.

एरंडेलच्या रिसिनोलिक साखळीत दुहेरी बंधाशेजारी हायड्रॉक्सिलही असतो. दोन हातांच्या नियमाने पाहिले तर उमेदवार उत्तम. पण ४० अंशांना श्यानता सुमारे २५० सेंटिस्टोक, आणि ढवळण्यातच एवढी ऊर्जा जाते की लेपाने वाचवलेली फिटून जाते. खनिज तेलात आणि पॉलिअल्फाओलेफिनमध्ये ते नीट मिसळत नाही. अतिशय संथ, जड भाराच्या पिनांसाठी विचार करावा, एवढेच.

पॉलिग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण आगीच्या धोक्याच्या जागी उपयोगी, पण त्यात दुहेरी बंध नाहीत आणि पाणी भरपूर. कार्बन लेपाला स्वतःला पाण्याचे वावडे नाही. धोका लेपातल्या छिद्रांचा. पाणी त्यातून पोलादापर्यंत पोचते, गंज फुगतो आणि लेपाला खालून उचलतो. खाली गंजरोधक पोलाद असेल आणि जोडथर दाट असेल तरच हा मार्ग. शिवाय खनिज तेलाचा अंश राहिलेल्या यंत्रात पॉलिग्लायकॉल ओतले तर चोथा तयार होतो.

लेबलावरचे हिरवे शब्द

‘जैविक’ म्हणजे वनस्पतीपासून बनलेले. ‘जैवविघटनशील’ म्हणजे निसर्गात मोडणारे. पहिले असून दुसरे नसणे शक्य आहे. युरोपीय मानक ईएन १६८०७ मध्ये जैव-वंगणासाठी किमान २५ टक्के जैविक मूळ आणि तेलांसाठी ६० टक्के विघटन मागितले आहे. विघटनासाठी ओईसीडी ३०१ बी चाचणीचा निकाल मागावा: २८ दिवसांत ६० टक्के. पॉलिअल्फाओलेफिनपैकी पातळ प्रतीच बऱ्यापैकी मोडतात, जाड प्रती नाहीत, म्हणून वरची मोनोओलिएटची प्रसिद्ध जोडी जशीच्या तशी उचलून तिला हिरवी म्हणता येत नाही.

बिघाड कुठे होतो

सर्वांत महाग चूक म्हणजे जुन्या तेलातले मॉलिब्डेनम. मॉलिब्डेनम डायथायोकार्बामेट हे पोलादासाठी नावाजलेले घर्षणशामक. पण ए-सी-एच लेप पोलादावर घासत असताना ते लेपाला झपाट्याने खाते. पोलादावर तयार होणारी मॉलिब्डेनमची संयुगे कार्बनशी क्रिया करतात. टी-ए-सी जास्त तग धरतो, तरी जोखीम कशाला. गिअर तेलातली गंधक-फॉस्फरसची अतिदाब पूरके इथे अनावश्यक: पृष्ठभागावरची जागा अडवतात आणि मोनोओलिएटला बसू देत नाहीत.

म्हणून तेल बदलताना नुसते काढून भरणे पुरत नाही. गरम असताना जुने तेल पूर्ण काढावे, फिल्टर बदलावे, नव्या तेलाने एक फेरी चालवून तेही काढावे आणि मग अंतिम भरणा करावा. जुन्या तेलाचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आले पाहिजे. सिलिंडर, नळ्या आणि कूलर यांत अडकलेले तेल लोक विसरतात, आणि बऱ्याचदा ते एकटेच ही मर्यादा ओलांडायला पुरेसे असते.

लेपित भाग बसवण्याआधी त्यावरचे गंजरोधक तेल हेप्टेनने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावे, कोरडे करून लगेच नवे वंगण लावावे. सुरुवातीला चौथाई भाराने, कमी वेगाने, तेल ७० ते ८० अंशांवर ठेवून एक तास, मग अर्धा भार एक तास, मग पूर्ण. घसरता थर तापमान आणि घासणे या दोन्हींतून बनतो, म्हणून पहिल्या मिनिटाला मोजलेल्या घर्षणावरून तेलाला नापास करू नये. मात्र पहिल्या तासानंतरही आकडा उतरत नसेल तर तेलाआधी समोरच्या भागाचा खडबडीतपणा तपासावा.

आपल्याकडे दोलन-चाचणीचे (गोळी पुढेमागे घासून घर्षण मोजणारे) यंत्र असेल तर तेलांसाठीची ठरलेली ३०० न्यूटनची चाचणी जशीच्या तशी लावू नये. १० मिलिमीटरच्या पोलादी गोळीखाली तेवढ्या भाराने ३ गिगापास्कलच्या वर दाब येतो आणि पातळ लेप तडकतो; मग चाचणी तेलाची न होता तड्यांची होते. ५० न्यूटनवर हाच दाब १.७ च्या आसपास राहतो. तिथून सुरू करावे, ८० अंशांवर, दोन तास, आणि शेवटी गोळीवरचा झिजेचा डागही मोजावा. घर्षण कमी आणि डाग मोठा असेल तर लेप समोरच्याला तासतो आहे.

चालू यंत्रात लेप संपत आल्याचे तेलाच्या नमुन्यातून कळू शकते, पण टाकी लहान असेल तरच. जोडथर क्रोमियमचा, ०.२ मायक्रॉन जाड आणि घासणारे क्षेत्र १० चौरस सेंटिमीटर असेल तर सगळे क्रोमियम मिळून दीड मिलिग्रॅमच्या आत भरते. एक लिटर तेलात ते दीड पीपीएम दिसेल, वीस लिटरमध्ये गडप होईल. लहान टाकीतही नुसता क्रोमियमचा आकडा न बघता लोखंडाशी त्याचे प्रमाण बघावे. १०० सीआर ६ मध्ये क्रोमियम दीड टक्काच असते, त्यामुळे पोलादाची झीज असेल तर दोन्ही आकडे सोबत, साधारण ६५ ला १ या प्रमाणात वाढतात. लोखंड जागच्या जागी आणि क्रोमियम एकटेच वर, असे दिसले की भाग उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मोठ्या टाकीच्या यंत्रात हा मार्ग बंद. तिथे ठरलेल्या तासांनी भाग काढून लेप डोळ्यांनी तपासणे हाच उपाय.